मस्कादे आणि सोलकढी

रियाध
१२ मार्च १९९१

प्रिय आप्पा,

तुम्ही पत्र नेहमी उभ्यानेच वाचता, खिडकीशी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून. हे मात्र बसून वाचा, कारण लांब आहे. आईचं जानेवारीच्या दहा तारखेचं पत्र मला परवा मिळालं. दोन महिने टपाल कुठे अडकलं होतं देव जाणे. पत्र संपल्यावर समासात तिने आडव्या बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या आहेत, तुम्हाला न सांगता. त्या चार ओळींचं उत्तर म्हणजे हे पत्र. पण नुसतं उत्तर लिहिलं तर तुम्ही 'बरं' म्हणाल आणि घडी घालून डब्यात ठेवाल. तुमचं ते 'बरं' मी चांगलं ओळखते. म्हणून आधी ब्रोशार साहेबांची हकिकत ऐका, मग उत्तर.

त्याआधी आईला सांगा की मी सुखरूप आहे. लढाई थांबून दोन आठवडे होतील. हॉस्टेलच्या खिडक्यांवर आम्ही फुली मारून चिकटपट्ट्या लावल्या होत्या, त्या आता खरवडून काढतोय. पट्टी निघते, पण डिंक काचेवर तसाच राहतो. वायूचे मास्क खोक्यात घालून परत केले. महिनाभर ते खोकं आमच्या खांद्याला असायचं, शाळेतल्या मुलांच्या वॉटरबॅगसारखं. भोंगा झाला की मास्क चढवायचा आणि बंद खोलीत भिंतीला टेकून बसायचं. आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचे मुख्य मुस्तफाचाचा हैदराबादचे, अठरा वर्षं इथे आहेत. त्यांना सगळे सांगत होते की दाढी असली तर मास्क नीट बसत नाही, दाढी काढा. ते म्हणाले, "दाढी अल्लाने दी, मास्क कंपनी ने. दोनों में से एकीच जाना तो मास्क जाइंगा." आणि खरंच महिनाभर ते मास्क न लावता, ओला टॉवेल तोंडाशी धरून बसले.

ब्रोशार साहेब फ्रान्सचे, वय बासष्ट. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. लढाई सुरू व्हायच्या चार दिवस आधी त्यांच्या पोटातला अल्सर फुटला आणि त्यांना आमच्याकडे आणून ऑपरेशन केलं. तेवढ्यात त्यांच्या कंपनीची माणसं शेवटच्या विमानाने निघून गेली. हे एकटे मागे राहिले. टाके भरून आले, ताप गेला, डॉक्टर म्हणाले आता यांना काही झालेलं नाही, फक्त जेवायला हवं. आणि ते जेवत नव्हते. सूप आलं की दोन चमचे घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की आठवडाभरात खायला लागले नाहीत तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयाला ते परत उठतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आहारतज्ज्ञ तू आहेस, बघ काहीतरी.

आहारतज्ज्ञ! घरातली पहिली पदवीधर, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट, आणि माझ्याकडे होतं काय, तर उष्मांकांचा तक्ता. मी दहीभात पाठवला, मऊ खिचडी पाठवली, कस्टर्ड पाठवलं. ट्रे जसाच्या तसा परत यायचा. मी पलंगाशी उभी राहून सांगायचे की यात इतकी प्रथिनं आहेत, यात इतकी ताकद आहे. ते नम्रपणे म्हणायचे, "थँक यू, मादमोआझेल," आणि डोळे मिटायचे. भरलं ताट हातात घेऊन न जेवणाऱ्या माणसापुढे उभं राहणं किती जड असतं, हे मला सहा दिवसांत कळलं. आप्पा, त्या सहा दिवसांत मला सारखं दुसरंच एक ताट आठवत होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

सातव्या दिवशी मी उपदेश सोडून त्यांना नुसतं विचारलं की तुमच्या घरी शुक्रवारी काय शिजतं. ते म्हणाले की त्यांचं गाव नदी समुद्राला मिळते तिथून जवळ आहे. शुक्रवारी बायको मासा वाफवते, त्यावर लोण्याचा आंबटसर रस्सा घालते, आणि बरोबर गावची पांढरी वाईन असते, मस्कादे.

तो शब्द कानावर पडला आणि मी माझगावच्या आपल्या खोलीत जाऊन पोचले. रविवारची सकाळ, तुम्ही हॉटेलचा पांढरा कोट इस्त्री करताय, आई कोळंबी सोलतेय, आणि मी तुमचं जुनं मेनूकार्ड हातात घेऊन मास्तरीण झाले आहे. तुम्ही सातवी शिकलेले. ती सगळी फ्रेंच वाईनची यादी तुम्हाला तोंडपाठ करावी लागायची. मी विचारायचे, मस्कादे? तुम्ही इस्त्री न थांबवता म्हणायचात, "कालवं, तिसऱ्या, वाफवलेला मासा, लिंबू पिळलेलं लोणी. तिखटाबरोबर नको. गोडाबरोबर तर नकोच नको." त्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे गिरवले आणि पुढच्या बाजूवर इंग्रजी अक्षरं शिकले. माझी बालवाडी तीच. एकदा आईने विचारलं होतं की एवढं काय असतं हो त्या पाण्यात. तुम्ही म्हणालात, "आपली सोलकढी असते ना, तसंच. जरा आंबट, जरा खारट. माशाची चव झाकत नाही, जीभ धुऊन देते, म्हणजे पुढचा घास पहिल्यासारखा लागतो." आई कोळंबीची सालं बाजूला सारत म्हणाली, "मग सोलकढीच द्या की त्यांना. बाटली कशाला हवी समुद्रापलीकडून?" तुम्ही इतके हसलात की कोटाच्या बाहीला इस्त्रीचा डाग पडला. आठवतंय?

आणि हे सगळं तुम्ही एक घोट न घेता शिकलात! आजीला दिलेला शब्द तुम्ही बावीस वर्षं पाळलात. नुसत्या वासावरून सांगायचात की ही बाटली बिघडली आहे.

मी आनंदाने धावत स्वयंपाकघरात आले आणि रुग्णाच्या आहारपत्रिकेवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: हमूर मासा वाफवून, लिंबू-लोण्याचा रस्सा, उकडलेला बटाटा, रुग्णाची सवय, बरोबर पांढरी वाईन. कॉलेजात शिकवलं होतं की सवयी प्रामाणिकपणे नोंदवाव्यात. ती पत्रिका रोज हॉस्पिटलच्या सौदी व्यवस्थापकांच्या टेबलावर सहीला जाते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुस्तफाचाचांनी ती वाचली आणि कपाळावर हात मारला. "बेटी, मच्छी रहने दो, बाटली काटो. कायकू अपने हाथ से अपना टिकट कटा रई? ये कागज उप्पर गया तो तुम्हारा इकामा खलास, मेरा भी खलास." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. त्यांनी खोडलं नाही, पत्रिकाच फाडून चुलीत घातली आणि नवी लिहायला लावली. मग तासभर 'वाइनवाली मॅडम' म्हणून मला चिडवत राहिले, पण दबक्या आवाजात.

पहिला प्रयत्न फसला. मासा मुस्तफाचाचांनी सुंदर केला होता, पण ग्लास रिकामा कसा ठेवायचा म्हणून मी बाजारातला पांढऱ्या द्राक्षांचा रस गार करून भरला. रंग अगदी तसाच, मी स्वतःवर खूश. ब्रोशार साहेबांनी माशाचा एक घास घेतला, वरून रसाचा घोट घेतला आणि चेहरा असा केला जणू मी काढा पाजला. काटा खाली ठेवला आणि ताट सरकवलं. गोडाबरोबर नकोच नको! तुमचं वाक्य मला पाठ होतं, आणि तरी मी रंगावर भुलले.

त्या संध्याकाळी जेवणाच्या वेळेलाच भोंगा झाला. मी त्यांच्या वॉर्डात होते. सगळ्यांनी मास्क चढवले. साहेब म्हणाले, हा घालून खाता येत नाही आणि न घालता जगता येत नाही, म्हणजे प्रश्न मिटला. मी जवळजवळ ओरडूनच त्यांना मास्क लावला. दूर कुठेतरी दणका झाला, काचा थरथरल्या. मास्कच्या आत माझा घाम ओठांवर उतरला, खारट, आणि का कोण जाणे मला आईचं ते वाक्य आठवलं. मग सोलकढीच द्या की त्यांना.

माझ्याकडे आईने दिलेल्या आमसुलांची पुडी होती, वेंगुर्ल्याची, अजून अर्धी शिल्लक. केरळच्या नर्सेसकडून नारळ मिळवला. लसूण नाही, मिरची नाही, त्यांच्या पोटाला चाललं नसतं. नारळाचं पातळ दूध घेतलं, दोनदा मलमलीतून गाळलं, चिमूटभर मीठ, आणि काचेच्या बाटलीत भरून दुपारपर्यंत बर्फात ठेवलं. डॉक्टरांना विचारलं, ते हो म्हणाले. मुस्तफाचाचांनी चव घेऊन विचारलं, "ये दवा है या दावत?" मी म्हटलं, बघू.

मग मी तुमच्यासारखी गेले, आप्पा. ट्रेवर स्वच्छ रुमाल, घडी तुमची. ग्लास उजवीकडे, सुरीच्या टोकाशी. आणि उष्मांकांबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही म्हणायचात, भूक आधी कानाला लागते, मग पोटाला. मी पलंगाशी स्वस्थ उभी राहिले आणि सांगितलं की हा हमूर आज सकाळी दम्मामहून बर्फातून आला, कापला तेव्हा पाकळ्या सुटत होत्या, लोणी आत्ता तुमच्यासाठी वितळवलं आहे, आणि हे पेय माझ्या गावच्या फळाचं आहे, समुद्रकाठच्या. त्यांनी ग्लास उजेडात धरला आणि जांभळट गुलाबी रंग बघून म्हणाले, "मादमोआझेल, हे तर रोझे झालं." गुलाबी वाईनला ते तसं म्हणतात. महिन्यात पहिल्यांदा त्यांनी विनोद केला. मग मासा, मग घोट. थांबले. मला वाटलं संपलं. पण ते पुढच्या घासाकडे वळले. मी मोजत होते, लहान मुलाचे मोजावेत तसे. अकरा घास, आप्पा! ताटात काटे राहिले आणि अर्धा बटाटा. मी रिकामा ट्रे डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि मुस्तफाचाचांनी मोठ्याने "यल्ला!" म्हणून परातीवर डाव वाजवला.

मी ट्रे घेऊन निघताना साहेबांनी विचारलं होतं की ही जोडी तुला कोणी शिकवली. मी म्हटलं, पुस्तकात वाचलं.

का म्हटलं तसं? सवयीने. कॉलेजात सहा वर्षं मी हेच करत आले. वडील काय करतात विचारलं की 'नोकरी'. दारूबंदी समितीत गेल्यावर तर जास्तच. आपल्या चाळीतल्या आनंदीबाईंचे हाल बघून मी समितीत गेले होते आणि त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण सभेत कोणीतरी उठून म्हणालं की हिचा बाप हॉटेलात दारू ओततो, आणि मी घरी येऊन तुम्हाला काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ज्या हातांनी दारू ओतता त्या हातांचं मी खाणार नाही. दोन दिवस मी जेवले नाही. त्या दोन दिवसांत तुम्ही चार वेळा ताट घेऊन माझ्यापुढे उभे राहिलात. हेच ते ताट, जे मला इथे सारखं आठवत होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही भर दुपारी घरी आलात, अंगावर साधा सदरा. म्हणालात, "सोडली. आता जेव." आणि मी जेवले. जिंकल्यासारखी जेवले. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

आनंदीबाईंच्या नवऱ्याला किती वेळा तुम्ही जिन्यातून उचलून घरी आणलं होतं, हॉटेलात कोणाचा ग्लास पुन्हा भरायचा नाही हे तुम्ही कसं ओळखायचात आणि गुपचूप टॅक्सी कशी बोलवायचात, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते त्या दिवशी मोजलं नाही. त्यानंतर तुम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये उसळ वाढत राहिलात आणि एकदाही, रागातसुद्धा, मला ऐकवलं नाहीत.

तर ब्रोशार साहेब रोज खाऊ लागले. पाचव्या दिवशी मी बाटली घेऊन ग्लास भरत होते आणि ते माझ्या हाताकडे बघत होते. भरून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा ओत." मी पुन्हा ओतलं. म्हणाले, "हे पुस्तकात नसतं. हा हात कोणाचा आहे?" मला आधी कळेना. मग मी स्वतःच्या हाताकडे बघितलं. बाटलीच्या मानेला रुमाल, आणि ओतणं संपताना मनगटाला जरासा पीळ, म्हणजे शेवटचा थेंब चादरीवर पडत नाही. तुम्ही घरी गोडेतेलाच्या बाटलीत पाणी भरून याचा सराव करायचात आणि मीही तुमच्या शेजारी उभी राहून करायचे. आपल्या घरातली तेलाची बाटली कधी चिकट नसायची, आई सगळ्या चाळीला कौतुकाने दाखवायची. जे हात मी नाकारले होते ते माझ्याच मनगटात होते आणि एका परक्या माणसाला जेवू घालत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही, ते दोन दिवसही. त्यांनी काटा खाली ठेवला तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा जेवायचे थांबतात की काय. पण ते स्वतःच्या वडिलांबद्दल बोलू लागले. वडील दुसऱ्याच्या मळ्यात द्राक्षांच्या वेली छाटायचे, हिवाळ्यात तळहात भेगाळून रक्त यायचं, आणि मालकाच्या जेवणाच्या टेबलाशी त्यांना कधी कोणी बसवलं नाही. शाळेत मीही सांगायचो की ते 'शेतावर' असतात, साहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं की तुझ्या वडिलांना सगळ्यात कोणती आवडायची. मी सांगितलं की त्यांनी आयुष्यात चाखलीच नाही. तर ते पोटाचे टाके धरून हसायला लागले. "न चाखता एवढं अचूक! माझ्या गावात रोज पिणारे आहेत, त्यांना सांगता येणार नाही!" मस्कादे आणि सोलकढीची तुमची तुलना त्यांनी वहीत लिहून घेतली, तुमच्या नावासकट. गेल्या बुधवारी ते स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसले. बाटली पाठवू नका असं मी त्यांना बजावलं आहे, पण गावाचं चित्र असलेलं एक कार्ड माझगावच्या पत्त्यावर येईल. पोस्टमन बाहेरच्या देशाचं तिकीट बघून उगाच घाबरवेल, घाबरू नका.

आता आईच्या चार ओळी. ती लिहिते की तुमचे जुने मॅनेजर डिसेंबरात घरी येऊन गेले. हॉटेलची कामं शिकवणाऱ्या शाळेत त्यांना जूनपासून मुलांना टेबलाची आणि वाईनची वाढणी शिकवायला माणूस हवा आहे आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही. मार्चअखेरपर्यंत विचार करून सांगा, तोवर जागा ठेवतो म्हणाले. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि नाही म्हणालात. ते गेल्यावर आईने का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "पोरीला चालायचं नाही." आप्पा, पोरीला चालेल. पोर हात जोडून सांगते आहे की हो म्हणा. मी अजूनही दारूच्या बाजूची नाही आणि होणारही नाही, पण त्या मुलांना ओतायला कोणीतरी शिकवणारच आहे. कुठे थांबायचं, कोणाचा ग्लास भरायचा नाही आणि बाहेर टॅक्सी कशी बोलवायची, हे तुमच्याइतकं कोण शिकवेल? हे पत्र पोचेल तेव्हा महिना संपत आला असेल, म्हणून वाचून झाल्यावर घडी घालू नका, चप्पल घाला आणि जा. तुमचा बूच काढायचा स्क्रू आईच्या ट्रंकेत तळाशी, पांढऱ्या कोटाच्या घडीत आहे. तुम्ही ठेवलात तेव्हा मी बघितलं होतं. गंजला असेल तर खोबरेल तेल लावा. एप्रिलच्या शेवटी मला महिन्याची रजा आहे. आल्या दिवशी आईला स्वयंपाक करू दे, पण ताट तुम्ही वाढा, त्याच हातांनी. मी दोन दिवसांची राहिलेली चार ताटं जेवायला येते आहे.

तुमच्याच हातचं खाऊन मोठी झालेली,
अनू